पिवळा दिवा विझेपर्यंत

खिडकीत कोणी नव्हतं, तरी मी गाडीच्या काचेतून वर बघितलं, हात उचलला आणि 'हो, थांबतेय' अशी खूण केली. हात खाली आणताना लक्षात आलं की तो कालच पुतण्याकडे गेलाय, उद्या संध्याकाळी यायचाय, वरच्या घरात अंधार आहे, आणि मी एका बंद खिडकीला मुकाट उत्तर दिलंय. मालक गावाला गेला तरी बैल घाण्याभोवती फिरतोच, तसं. सीटचा गारठा पाठीत शिरत होता, काचेवर माझ्याच श्वासाची वाफ धरली होती आणि स्टिअरिंगच्या मागे तो पिवळा दिवा जळत होता, स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखा. अंगावर काटा आला तो थंडीने नाही. हात अजून कोमट होता, जणू दुसऱ्या कोणीतरी उचलून परत माझ्या मांडीवर ठेवलेला. दिवा विझला. मी किल्ली पुढे फिरवली. सेल्फ जोरात फिरला, इंजिनाला एक उचकी लागली, सगळी गाडी खिळखिळली, मागे पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि सगळं पुन्हा गप्प झालं. कच्च्या डिझेलचा वास आत आला. तळमजल्यावरच्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याने खिडकी खाडकन लावून घेतली. लावण्याआधी त्याने माझ्याकडे बघितलं ते मी बघितलं.

ही थांबायची विद्या मला त्याने शिकवली. तोंडाने मी त्याला 'अहो' म्हणते, मनात तो कधीचाच 'तो' झालाय. डिझेलच्या गाडीत ठिणगी नसते, त्याने सांगितलं होतं, डिझेल नुसत्या दाबाने तापलेल्या हवेत पेटतं, पण थंडीत ती हवा पुरेशी तापत नाही, म्हणून चारही सिलिंडरमध्ये एकेक हीटर प्लग असतो. किल्ली अर्धी फिरवली की प्लग तापायला लागतात आणि हा दिवा लागतो. दिवा विझला म्हणजे आत तापलं. मग सेल्फ मारायचा. आधी मारलास तर दोष गाडीचा नाही. हे सगळं त्याने जेवणाच्या टेबलावर, मिठाची बाटली, दोन चमचे आणि माझा पेला मांडून समजावलं होतं, आणि समजावून झाल्यावर चमचे तसेच टाकून उठला होता. त्याचं कामच ते. अपघात झालेल्या गाड्या बघायच्या, चाकांच्या खुणा मोजायच्या, आणि चूक कोणाची ते विमा कंपनीला लिहून द्यायचं. इतकी वर्षं हेच लिहून लिहून त्याचं असं मत झालंय की गाडी कधी चुकत नाही, चालवणारा चुकतो. दूध उतू गेलं तरी तो आधी दुधाकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो.

या थंडीत गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली तेव्हा मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." दुसऱ्या दिवशी पहाटे मी खाली येऊन किल्ली फिरवली तर वरची खिडकी उघडली. अंगावर शाल, केस उभे, आणि एक बोट वर. थांब. दिवा विझला तेव्हा बोट खाली आलं. आता मार. मी मारला. गाडी धडधडली, धूर ओकून बंद पडली. पुन्हा बोट वर. चौथ्या-पाचव्या खेपेला कशीबशी एका पायावर लंगडत सुरू झाली तेव्हा त्याने मान हलवली आणि खिडकी लावली. म्हणजे बघ, मी सांगितलं तसं केलंस तर होते. तेव्हापासून रोज पहाटे तो उठायचा. मी आजारी असताना पाण्याचा पेला द्यायला कधी उठला नाही तो माणूस त्या कडाक्याच्या थंडीत केवळ बोट दाखवायला उठायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी रोज खालून बघत होते, शेळीच्या जागेवरून. मला वाटायचं, निदान काळजीने उठत असेल. हे असं वाटून घ्यायची सवय माझीच, ती मला कोणी शिकवली नाही.

आणि दुपारी. दुपारी मी इस्पितळातून आले की गाडी त्याची. तो किल्ली घ्यायचा, खाली उतरायचा, मी बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत असायचे. दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर ठेवून, दोन बोटांनी तो किल्ली फिरवायचा आणि गाडी पहिल्या फटक्याला सुरू व्हायची, कपाटाचं दार उघडावं तशी. मग तो वर बघायचा. काही बोलायचा नाही. बोलला असता तर मी भांडले असते. मी मनात म्हणायचे, अरे माणसा, मी आत्ताच ती चालवत आणलीय, इंजिन गरम आहे, गरम इंजिन कोणाच्याही हाताने सुरू होतं. 'अरे' वगळून हे मी एकदा तोंडाने म्हटलंसुद्धा. तो हसला. "आता तू मला इंजिन शिकव," म्हणाला.

गरम इंजिनाने मला बाहेरही तोंडघशी पाडलं. पुलाखालचा मेकॅनिक आमचा नेहमीचा, पण मागच्या थंडीनंतर नवऱ्याने एकाएकी त्याचं नाव टाकलं. चोर आहे तो, त्याच्याकडे जायचं नाही. म्हणून मी कामावरून येताना इस्पितळाजवळच्या मोठ्या गॅरेजमध्ये गेले. सगळं सांगितलं: पहाटे होत नाही, पांढरा धूर येतो, सुरू झाली तरी मिनिटभर थरथरते. तिथल्या माणसाने बसून किल्ली फिरवली. गाडी सुरू. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. "मॅडम, वाघ आहे गाडी," तो म्हणाला, आणि मागे उभे असलेले दोघं हसले. डॉक्टरकडे गेलं की पोटात दुखायचं थांबतं तसं हे. मी त्यांना म्हटलं, रात्रभर ठेवून घ्या आणि पहाटे बघा. तर म्हणे, पहाटे इथे कोण येतंय. एकाने सल्ला दिला, बॅटरी बदला. म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, कारण सेल्फ तर घोड्यासारखा फिरत होता, बॅटरीला काय धाड भरली होती? पण मी हे बोलले नाही. मी म्हटलं, बरं. आणि गाडी घेऊन घरी आले, दुपारच्या त्या दोन बोटांकडे.

हळूहळू मला माझ्याच हातांची शंका यायला लागली. हे मी सरळ सांगते, कारण सगळं याच्यावरच अडलेलं आहे. गेली वीस वर्षं माझे हातच माझं पोट भरतायत. मी रक्त काढते. थंडीत माणसांच्या शिरा आत पळून जातात. पहाटे उपाशीपोटी आलेली माणसं शर्टाची बाही वर करतात तेव्हा कोपराच्या खळगीत काहीच दिसत नाही, नुसतं गार कातडं. मी बोट ठेवते आणि मला कळतं. वॉर्डातल्या मुली सुई टोचून टोचून हरल्या की माझ्याकडे पाठवतात. मागच्या वर्षी रक्त घ्यायची सकाळची खोली माझ्याकडे आली. किल्ली माझ्याकडे, पहाटे मीच उघडायची, दोन मुली माझ्या हाताखाली. घरी सांगितलं तेव्हा तो वर्तमानपत्राच्या आडून म्हणाला, "बघू किती दिवस." आणि या थंडीत, शंका जी शिरली ती गाडीपुरती थांबली नाही. मी दिवा विझेपर्यंत थांबले का, की घाई केली? विझला असं मला वाटलं का? गॅस बंद केला का? नळीवर नाव बरोबर चिकटवलं का? परवा एका बाईच्या दंडाला पट्टा बांधला, बोट ठेवलं, शीर लागली, आणि मी सुई हातात धरून थांबले. कशाची वाट बघत होते कोणास ठाऊक. बाईने विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, काही नाही. दिवा विझायची वाट बघत होते, असं सांगितलं असतं तर तिने बाही खाली केली असती.

खोली दोनदा उशिरा उघडली होती. पॅथॉलॉजीच्या डॉक्टरीणबाई मोठ्याने बोलत नाहीत, हेच त्यांचं वाईट. आणखी एकदा झालं तर मला दुसरी व्यवस्था करावी लागेल, एवढंच म्हणाल्या होत्या. आणि आज हे तिसरं. मी किल्लीवरून हात काढला. टॅक्सी मिळाली असती तर अजूनही वेळेवर पोचले असते कदाचित, पण वर गेलेला तो हात माझ्यासमोर होता. बंद खिडकीला हात करणारी बाई टॅक्सीत बसून कामाला जाते, दुपारी परत येते, परवा पुन्हा हात करते. मला एकदम किळस आली, त्याची नाही, त्या हाताची. मी फोन काढला.

"बाई, मी आज येत नाही."

"आजारी आहात?"

"नाही. गाडी सुरू होत नाही. ती गार आहे तोवरच दाखवायचीय."

"तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला समजतंय ना? बाहेर माणसं बसलीत."

"समजतंय."

"मग खोलीची किल्ली मी दुसरीकडे देते. तुम्ही उद्यापासून दुपारी या." आणि त्यांनी फोन ठेवला, हळू, जसा त्या नेहमी ठेवतात.

पुलापर्यंत मी चालत गेले. नाकातून पाणी येत होतं, कान दुखत होते, आणि मला विचित्र हलकं वाटत होतं, दात काढल्यावर वाटतं तसं; दुखायला अजून लागायचं असतं. पुलाखालचा मेकॅनिक शटर अर्धं वर करून स्टुलावर चहा पीत बसला होता. मला त्याने ओळखलं, पण माझ्या मागे बघितलं, आणखी कोणी आहे का म्हणून.

"साहेब नाही आले?"

"गावाला गेलेत. गाडी सुरू होत नाही."

"मग येऊ द्या की त्यांना."

"गाडी आत्ता गार आहे. तुम्ही आत्ता या. नंतर आलात तर सगळे मला हसतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. चहा संपवला, स्वतःशी काहीतरी पुटपुटला, बाईमाणसांबद्दल असणार, आणि पेटी उचलली. रस्ताभर तो दोन पावलं पुढे असा चालत होता की वाटावं गाडी त्याचीच आहे आणि मी मागून पेटी बघायला निघालेय.

खाली येऊन त्याने बॉनेट उघडलं, मला म्हणाला, सेल्फ मारा. मी किल्ली अर्धी फिरवून थांबले. "मारा ना!" म्हणाला. दिवा विझू दे, मी म्हटलं. तो थुंकला. दिवा विझला, मी मारला, उचकी, धूर. "बस," तो म्हणाला, "एकाच सिलिंडरवर उचलतेय." त्याने इंजिनाच्या बाजूची एक पट्टी नट काढून सोडवली. चार प्लगांची चार डोकी दिसायला लागली, काळपट, करंगळीच्या नखाएवढी. मग एक छोटा बल्ब काढला, त्याची एक वायर बॅटरीला लावली, दुसरी पहिल्या प्लगवर टेकवली. बल्ब लागला नाही. दुसऱ्यावर टेकवली. नाही. तिसऱ्यावर टेकवून थोडं घासलं. नाही. चौथ्यावर टेकवली आणि बल्ब लख्ख लागला. मी वाकून बघत होते. चौघांत तीन मेलेले.

"पण दिवा तर लागतो," मी म्हटलं. "लागतो आणि विझतो. मी विझेपर्यंत थांबते. रोज."

"दिव्याचं काय घेऊन बसलात," तो म्हणाला. "दिवा म्हणजे नुसतं घड्याळ आहे. थंडी किती आहे ते बघून तेवढा वेळ जळतो आणि विझतो. आतमध्ये प्लग तापले का मेले, या गाडीच्या दिव्याला काय कळतंय? दुपारपर्यंत थांबलात तरी हेच होणार."

मी बॉनेटला धरून उभी होते. लोखंड बोटांना चावत होतं, तरी मी हात काढला नाही. सगळ्या पहाटा एकामागून एक येत होत्या, वाफ धरलेली काच, बोट वर, बोट खाली, मान हलवणं, आणि त्या सगळ्यांमध्ये मी बरोबर होते. मला रडू यायला हवं होतं. आनंदही व्हायला हवा होता. झालं एवढंच की माझ्या मनात विचार आला, त्याला हे सांगायला हवं, बिचाऱ्यालाही ठाऊक नसेल की दिवा खोटं सांगतो. बिचारा! हा शब्द मी मनात खरंच वापरला. आणि तेवढ्यात मेकॅनिक पट्टी फडक्याने पुसत, माझ्याकडे न बघता, सहज बोलला:

"साहेबांना मागच्या थंडीतच सांगितलं होतं. ब्रेकच्या कामाला गाडी रात्रभर माझ्याकडे होती, सकाळी सुरूच होईना. तेव्हापण हेच तीन. इथे उभं करून असाच बल्ब लावून दाखवला त्यांना. म्हटलं बदलू का. तर म्हणाले राहू दे, मला सकाळी गाडी लागत नाही."

"काय म्हणाले?"

"मला सकाळी गाडी लागत नाही, म्हणाले." त्याने आता वर बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, त्याला वाटलं मी त्याच्यावर चिडलेय. "माझ्यावर नका हं घालू, मी दाखवलं होतं. नंतर आलेच नाहीत माझ्याकडे. बदलायचे का आता?"

मागच्या थंडीत. मागच्या थंडीत मला खोलीची किल्ली मिळून आठवडाही झाला नव्हता. मी नवीन गजर आणला होता, तो उशाशी ठेवून झोपायचे, आणि तो पलीकडे तोंड करून म्हणायचा, झोपमोड होते. थंडीची ती शेवटची लाट होती, दोन दिवसांत ओसरली; मग उन्हाळा आला, गाडी निमूट सुरू होत राहिली, कारण उन्हाळ्यात प्लग लागतातच कुठे. आणि तो सगळा उन्हाळा, पुढचे सगळे महिने, हे डोक्यात ठेवून नवरा माझ्यासमोर जेवत होता, टीव्ही बघत होता, नखं कापत होता. थंडी पडायची वाट बघत होता, असं मी म्हणत नाही. इतकी मेहनत तो माझ्यासाठी घेणार नाही. त्याने नुसतं काही केलं नाही. आणि थंडी पडल्यावर खिडकी उघडून बोट वर केलं.

"बदला," मी म्हटलं. "चारही."

मेकॅनिक दुकानात जाऊन नवे प्लग घेऊन आला, कुरकुरत जुने काढले, नवे बसवले, पट्टी आवळली. गाडी अजून गारच होती. मी बसले, किल्ली अर्धी फिरवली, दिवा लागला, विझला, आणि सेल्फला हात लागतो न लागतो तोच इंजिन सुरू झालं. धूर नाही, थरथर नाही. एकसारखा, तृप्त आवाज. इतका घाणेरडा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. एवढं सोपं होतं ते. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याने खिडकी किलकिली करून बघितलं आणि मला त्याचा गळा धरावासा वाटला, त्याने तरी काय केलं होतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी कामावर गेले. खोलीच्या दाराशी हाताखालच्या दोघींतली थोरली किल्ली बोटाभोवती फिरवत उभी होती. मला बघून तिने ती खिशात टाकली. तळघरात नळ्या लावायचं काम दिलंय, माणसं नाहीत, हात नाहीत, नुसत्या नळ्या. संध्याकाळी घरी आले तर तो आलेला होता. बूट दारात, पिशवी खुर्चीवर, तो स्वयंपाकघरात टेबलाशी.

"दुपारी गेलीस?" त्याने विचारलं.

"सकाळची पाळी गेली. काल गाडी सुरूच झाली नाही."

"अरेरे." तो अरेरे छान म्हणतो. "मग?"

"मग मेकॅनिकला आणून दाखवली."

"कुठल्या?"

हे त्याने फार लवकर विचारलं. मी पाण्याचा पेला भरला, प्यायले. "पुलाखालच्या."

तो हलला नाही. टेबलावर त्याचा हात होता, तोही हलला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याला माझी भीती वाटताना मी प्रथमच बघत होते, आणि ती बघायला मला आवडलं, हे मी लपवणार नाही. मी पेला विसळला. पुसला. जागेवर ठेवला.

"काय म्हणाला?"

"काही निघालं नाही. गाडी उत्तम आहे म्हणाला. चालवणाऱ्यालाच धीर नाही."

त्याने श्वास सोडला. असा, नाकातून, लांब. मग तो हसला, मोकळं हसला, आणि त्या हसण्याने माझ्यापुरतं सगळं संपलं, कारण मेकॅनिकचं बोलणं मी अजूनही मनाच्या एका कोपऱ्यात कच्चं ठेवलं होतं. मेकॅनिक विसरला असेल, दुसऱ्या कोणाचं याच्यावर घातलं असेल, असं. आता तो उठला. त्याने स्वतः चहा टाकला. आलं शोधलं, सापडलं नाही, तरी शोधलं. माझ्यापुढे कप ठेवला, साखर किती घेतेस ते विचारलं, आणि समोर बसून माझ्या हातावर हात ठेवला. "जाऊ दे गं," तो म्हणाला, "बरंच झालं एका परीने. किती दगदग व्हायची तुझी. आता सकाळची निवांत झोपत जा." त्याचा आवाज खरंच मऊ होता. माझ्यावर इतकं प्रेम त्याला कित्येक वर्षांत आलं नव्हतं. मी चहा प्यायले. चहा चांगला झाला होता.

कप खाली ठेवून मी म्हटलं, "तीन प्लग मेलेत हे तुला मागच्या थंडीपासून ठाऊक होतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला 'तू' म्हटलं. त्याच्या ते लक्षातही आलं नसावं. त्याने हात मात्र काढून घेतला. खिडकीकडे बघितलं, मग कपाकडे, आणि विमा कंपनीला लिहून देताना त्याचा चेहरा होतो तसा झाला, विचारी, थोडा कंटाळलेला.

"चौथा चालू होता ना," तो म्हणाला.

त्यात लाज नव्हती की राग नव्हता, खोटेपणासुद्धा नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. लग्न झाल्यापासून त्याने मला दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर होतं.